सोमूची टाच

सकाळी शीतलनं डावी टाच उचलली आणि माझा सगळा दिवस तिथंच बिनसला.

बीडमध्ये मी किक-बॉक्सिंगचा क्लास चालवते. मंगल कार्यालयाच्या मागचा पत्र्याचा हॉल आहे. लग्नसराईत तिथं सकाळीसुद्धा आदल्या दिवशीच्या जेवणावळीचा वास येतो, बुंदीचा आणि ओल्या पत्रावळींचा. शीतल माझ्याकडे वर्षभर येते आहे. नववीतली पोरगी, बोलायला कमी, पायाला चपळ. ती बॅगेभोवती फिरत होती. उजवा पाय जमिनीत रोवलेला, डावा नुसता चवड्यावर टेकवलेला, टाच अधांतरी. एक पूर्ण पाऊल, मग एक अर्धं. मग पुन्हा पूर्ण, पुन्हा अर्धं. आणि अर्ध्या पावलातूनच वीज निघावी तशी लाथ.

मी बॅग धरून थांबवली.

"थांब. ती टाच उचलायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाई, मॅडम."

"मग बघितलंस कुठं? मोबाईलवर?"

तिनं माझ्या पायांकडं बघितलं. बाकीच्या पोरीही बघायला लागल्या. मग तिनं खालच्या आवाजात सांगितलं, "तुमीच तर तसं उभ्या ऱ्हाता की."

मी खाली बघितलं. माझी डावी टाच उचललेली होती.

इतकी वर्षं मी सगळ्यांना घसा कोरडा करून सांगत आले, पाय पुरा टेका, टाच खाली, वजन दोन्ही पायांवर. तोंडानं एक शिकवलं आणि पायांनी दुसरं. पोरींना म्हटलं, आजचा क्लास संपला. स्कूटी काढली. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. घरी गेले असते तर या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले असते, म्हणून शहराबाहेर पडले. पालीला पोचल्यावर कळलं की आपण पालीला आलोय.

धरणाखालच्या, मी जिथं शिकले त्या गोदामाला आता दार राहिलेलं नाही. आत पारवे आहेत, शेळ्यांच्या लेंड्या आहेत. पण श्वास घेतला की अजून तोच वास, जुन्या सिमेंटचा. धरण बांधताना इथं सिमेंटची पोती ठेवत. पोती गेली, धरण भरलं, पण भुकटी भिंतींच्या भेगांत राहून गेली. आम्ही उड्या मारायला लागलो की ती वर उठायची आणि घामाला चिकटायची. घरी गेल्यावर आई म्हणायची, "मिस्तरीणबाई आल्या." माझे वडील पाटबंधारे खात्यात होते, आमचं क्वार्टर इथून हाकेच्या अंतरावर. शेजारच्या क्वार्टरमध्ये उत्तम सोनवणे सर राहायचे. काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, नोकरीही त्याच खात्यात. सर स्वतः बीडच्या एका शाळेत चित्रकला शिकवत, आणि सकाळ-संध्याकाळ या गोदामात किक-बॉक्सिंग.

समोरची भिंत सरांनी रंगवली होती. अजून दिसते. रंगाचे पोपडे निघालेत, मधूनच पावसाचा ओघळ उतरलाय, पण झाड ओळखू येतं. पिंपळ. आम्ही बौद्ध घरातली माणसं, सरही. त्यामुळं वंशवृक्ष काढायचा तर पिंपळाचाच, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्या पिंपळाला दोन मुळं होती. एकावर लिहिलं होतं सयाम, दुसऱ्यावर जपान. सर छडीनं दाखवायचे. "हे थायलंडचं मूळ. तिथं हात, पाय, गुडघा, कोपर, सगळ्यांनी लढतेत. हे जपानचं, कराट्याचं. जपानी लोकांनी आपले कराटेवाले त्या थाई लोकांसमोर उभे केले, हाणून घेतलं, शिकले, आणि दोन्हीचं मिळून जे झालं त्याला नाव दिलं किक-बॉक्सिंग." मग खोड. खोडाची एक फांदी हॉलंडला, एक अमेरिकेला. आणि उजवीकडं, अमेरिकेपेक्षाही जाड, एक फांदी अंबाजोगाईला. तिच्यावर ठळक अक्षरांत: हमीद उस्ताद. त्याच फांदीला पुढं नेकनूर, म्हणजे सरांचं गाव. आणि टोकाला कोवळ्या पोपटी रंगातली पानं. ती आम्ही.

एकदा मी विचारलं, "सर, अमेरिका एवढी बारीक कावून काढली?"

"आपल्या भिंतीवर आपली फांदी बारीक काढू का मग?"

सयामच्या मुळापाशी एका माणसाचं चित्र होतं. चेहऱ्याची जागा आता पोपड्यात गेलीय. उघडा, कपाळाला दोरीचं कडं बांधलेलं, डावी टाच उचललेली. तो सोमचाय. उस्तादांचा उस्ताद. सर सांगायचे, तो राजाच्या पदरी असलेल्या लढवय्यांच्या घराण्यातला, आणि अर्धं पाऊल ही त्या घराण्याची विद्या. "पुढचा पाय पाण्यावर ठेवल्यागत ठेवायचा. समोरच्याला वाटावं, हिचा पाय दुखावलाय. त्याला दया आली की संपला तो." आणि मग जरा आवाज उतरवून, "तोबी बुद्धाला हात जोडणारा माणूस होता, बरं का." हे सांगताना सरांचा चेहरा असा व्हायचा की आम्हाला ते दूरचे सयामी लोक पालीतलेच कुणी वाटायचे.

मी त्या चित्रासमोर उभी राहिले. थांबवेना. बाहेर आले, पुन्हा आत गेले. खांबाला अजून तो कडी घातलेला हूक आहे, ज्याला आमची बॅग टांगलेली असायची. तागाचं पोतं, आत सरकी आणि चिंध्या, वरून ट्रॅक्टरची जुनी ट्यूब शिवलेली. उन्हाळ्यात त्या ट्यूबला रबराचा असा वास सुटायचा की लाथ मारून घरी गेलं तरी तो नडगीला असायचा. पावसाळ्यात सरकी ओल धरायची आणि पोतं दगड व्हायचं. थंडीत ते पहिल्या लाथेला असं वाजायचं की पारवे भिर्र उडून जायचे. सीताफळांच्या दिवसांत डोंगरातून बाया पाट्या घेऊन उतरायच्या, गोदामाच्या सावलीत टेकायच्या आणि आमच्याकडं बघत राहायच्या. एकीनं मला फुटलेलं सीताफळ हातात दिलं होतं. म्हणाली, "खा माय. लंगडी खेळून दमलीस."

गावानं क्लासचं नावच लंगडीचा क्लास ठेवलं होतं. लंगडीच घालायची तर तिला मास्तर कशाला, असं पारावर म्हणत. आम्हाला त्याचा राग यायचा आणि आतून गर्वही वाटायचा. त्यांना काय ठाऊक, ही लंगडी समुद्र ओलांडून आलीय.

क्लास सुरू व्हायच्या आधी सर आम्हाला गोदामाच्या चारही भिंतींना हात लावून यायला सांगत. एकेकीनं, बोलायचं नाही, घाई करायची नाही. मग मध्ये येऊन डोळे मिटून उभं राहायचं. कशासाठी, ते सर सांगत नसत. मला त्या वेळी भिंतीचा गारवा तळहातात घेऊन मध्यापर्यंत आणल्यासारखं वाटायचं. आज मी पुन्हा चारही भिंतींना हात लावला. तिसऱ्या भिंतीपाशी एक शेळी उभी होती, ती हलेना. तिच्या पाठीवरून हात नेऊन लावला.

मग निघाले. मांजरसुंब्याचा घाट चढताना डावा पाय स्कूटीच्या फळीवर कसा ठेवलाय ते बघत होते. टाच वर. खाली टेकवली. वळण आलं, लक्ष गेलं, पुन्हा वर.

नेकनूरला सर ओसरीत बसलेले होते. निवृत्त झाल्यावर ते गावी परतले. काकू गेल्या, तेव्हापासून जास्त बोलत नाहीत. मला बघून उठायला लागले, मी नको म्हटलं. त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं.

"काय झालं गं? पळत आल्यागत दिसतीस."

मी सांगितलं. शीतलचं, टाचेचं, सगळं. बोलताना मी ओसरीत येरझाऱ्या घालत होते. सर माझ्या पायांकडं बघत होते, हे मला बोलून झाल्यावर कळलं.

पायरीखाली त्यांच्या चपला होत्या. काठीच्या टोकानं त्यांनी डाव्या पायाची चप्पल माझ्यापुढं सरकवली. चवड्यापाशी झिजून पार पातळ झालेली, अंगठ्यापाशी भोक. आणि टाचेपाशी दुकानातून आणल्यासारखी कोरी.

"एवढी वर्षं झाली," सर म्हणाले. "माझी अजून टेकली न्हाई."

त्या कोऱ्या टाचेकडं बघताना मला तो दवाखाना आठवला. खरं तर तो मी रोजच आठवत असते, नाही आठवायचा असं ठरवून.

तेव्हा मी कॉलेजात होते. अंबाजोगाईला स्पर्धा होती, निवड व्हायची होती. मी जिंकत होते. समोरची मुलगी माझ्या अर्ध्या पावलाला फसत होती, प्रत्येक वेळी. हॉलमध्ये उकडत होतं, पंख्यांची घरघर, दुखण्याच्या तेलाचा डोळ्यांत जाणारा वास, आणि सरांचा आवाज, "पाण्यावर, पाण्यावर ठेव!" मी वळले. वजन नेहमीप्रमाणे सगळं उजव्या पायावर. गुडघ्यात ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. मला आधी वाटलं, तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

दवाखान्याच्या वॉर्डात फिनाईलचा वास, खिडकीबाहेर गुलमोहर, आणि पलंगाखाली आईची पिशवी. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, गुडघा एका दिवसात गेलेला नाही, तो वर्षानुवर्षं पिळला गेलाय. आई ते ऐकून सरांशी बोलायची थांबली होती. सर खिडकीपाशी उभे राहायचे आणि निघून जायचे. अशाच एका दुपारी, सर बाहेर गेलेले असताना, एक म्हातारा माणूस आला. पांढरी दाढी, पैलवानी खांदे. बरोबर त्यांची मुलगी होती, माझ्याहून बरीच मोठी, हातात डबा. आत येतानाची त्यांची पावलं मी बघितली. एक पूर्ण, एक अर्धं.

मी न विचारताच म्हणाले, "हमीद उस्ताद?"

उस्तादांचं आणि सरांचं बोलणं तुटलेलं होतं. कधी, कशावरून, ते सर आम्हाला सांगत नसत. एवढंच माहीत होतं की सरांनी मुलींना शिकवायला घेतलं आणि उस्तादांना ते रुचलं नाही. तरी भिंतीवरचं उस्तादांचं नाव सर दर दिवाळीच्या सुट्टीत नव्या रंगानं गिरवायचे.

उस्ताद स्टुलावर टेकले. "मैं देखने आया था तेरी कुश्ती," ते म्हणाले. लढतीला ते कुश्तीच म्हणत. "पीछे बैठा था. बेटी, वो टाच कैकू उठाती तू?"

"स्टाईल हाय आपली. सोमचायची."

उस्तादांनी डोळे मिटले. मग मुलीकडं बघून मराठीत म्हणाले, "रुखसाना, बघ. ही बी तसंच म्हणती."

आणि त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते सौदीला बांधकामावर होते. अंबाजोगाईच्या तालमीत लाल मातीत वाढलेला माणूस, तिथं वाळूत येऊन पडलेला. शेजारच्या बराकीत थायलंडचे मजूर. जुम्म्याच्या सुट्टीला ते लोक गच्चीवर सरावाला उतरायचे. त्यांच्यातल्या एकाला सगळे सोमचाय म्हणत, उस्ताद सोमू म्हणायचे. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती. सोमूनं त्यांना लाथ शिकवली, यांनी त्याला धोबीपछाड शिकवला. सोमू सुरुवातीला गच्चीच्या चारही कठड्यांना हात लावून यायचा. उस्तादांनी विचारलं नाही, नुसता लावला. त्याच्यामागून फिरताना ते मनात बिस्मिल्ला म्हणायचे.

"राजाचा माणूस होता ना तो?" मी विचारलं.

"राजा?" उस्ताद हसले. "सिमेंट कालवायचा, बेटी. माझ्यागत."

मग हसू ओसरलं. "तो परत निघाला त्याच्या मुलुखाला. मी सोडायला गेलतो. डोक्यावर पेटी घेऊन तो चालला. लढायला न्हाई, बरं का. नुसता चालला, गाडीकडं. आणि त्याची टाच तशीच वर. एक पुरं पाऊल, एक अर्धं. तवा दुसऱ्या एकानं मला खुणेनं सांगितलं. परांचीवरून पडला होता तो. मी जायच्या आधी. टाच मोडून तशीच जुळलेली."

मला कळायला वेळ लागला. वॉर्डात कुणीतरी खोकत होतं, कुणाचा तरी डबा उघडला गेला होता, मेथीच्या भाजीचा वास आला होता. हे सगळं आधी कळलं आणि ते नंतर.

"सोमूचा पाय मोडला व्हता," उस्ताद म्हणाले. "तुझा तर न्हाई ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"तवर माझ्या पायात बसलं व्हतं. माझ्या पायातून तुझ्या सराच्या पायात गेलं. शागिर्द उस्तादाच्या पायाकडं बघतो, बेटी. दुखण्याकडं कोण बघतो? सांगणार व्हतो उत्तमला. मग तुमी पोरी आल्या, माझं डोकं फिरलं, बोलणंच तुटलं." त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी बोलत राहिलो असतो तर तू इथं नसती."

रुखसानाआपानं डबा उघडला. खिमा आणि पोळ्या. तिनं मला लहान मुलीसारखं भरवलं. दारात सर आलेले होते. किती ऐकलं होतं, कुणास ठाऊक. उस्ताद उठले. दोघं समोरासमोर आले, दोघांचीही डावी टाच वर. आणि सर वाकले आणि त्यांनी उस्तादांचा तो पाय दोन्ही हातांनी धरला. उस्ताद त्यांना उठवत राहिले, "उठ बे उत्तम, उठ, दवाखाना हाय ह्यो."

त्यानंतरचा उन्हाळा मी गोदामाच्या दारात खुब्यापर्यंत पट्टा बांधून बसून काढला. वारा गरम, कालव्याचं पाणी बंद, आत चुन्याच्या रेघा. सरांनी जमिनीवर चुना भुरभुरला होता. पोरी गेल्यावर ते एकटेच अनवाणी त्या चुन्यातून चालायचे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मग वळून आपलेच ठसे बघायचे. उजवा पाय पुरा उमटलेला. डाव्याची फक्त पाच बोटं आणि चवडा. पुन्हा चालायचे. जोर देऊन टाच टेकवायचे, तेव्हा टेकायची. दुसऱ्या विचारात गेले की वर. त्यांची मान खाली असायची. त्या मानेवरून वाहणारा घाम मला अजून दिसतो. पोरींना मात्र त्यांनी नव्यानं उभं राहायला शिकवलं. पुन्हा स्पर्धा, पुन्हा लंगडी म्हणणारं गाव, पण आता लंगडी नव्हती. मी लढायचं सोडलं. शिकवायला लागले. भिंतीवरच्या सोमचायच्या कपाळाचा राजेशाही कडं सरांनी खरवडलं. टाच तशीच ठेवली. मी म्हटलं, ही पण काढा. तर म्हणाले, "ती कशी काढू? ती खरी हाय."

"सर," मी आज ओसरीत विचारलं, "मग बंद करू का क्लास? मी उभी राहिले की पोरी तेच उचलणार. आज शीतल, उद्या तिच्याकडून अजून कुणी. तुम्ही चुन्यात चाललात तरी गेलं नाही. माझं कुठून जाणार?"

रस्त्यावरून बस गेली, धुरळा ओसरीत आला. "मला जमलं न्हाई ते तुला काय सांगू?" ते म्हणाले. "पुढं जा. आपाकडं जा. उस्तादाच्या शेवटच्या वर्षांत ती त्यांच्यापाशी होती. मी न्हाई राहू शकलो."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी पाय आत ओढून घेतले.

नेकनूरहून केज, केजहून अंबाजोगाई. ऊन डोक्यावर आलं होतं. गुडघा ठणकत होता. दोनदा स्कूटी कडेला लावली, परत फिरायचं ठरवलं, पाणी प्याले आणि पुढंच निघाले. पालीची मी, नेकनूरचे सर, अंबाजोगाईचे उस्ताद, एकाच रस्त्यावर राहणारी माणसं आम्ही. त्या रस्त्याला पुढं समुद्र असता तर मी तोही ओलांडला असता आणि जाऊन विचारलं असतं, सोमू, तुझी टाच दुखायची का रे लढताना?

उस्तादांच्या घराला छोटं अंगण आहे. रुखसानाआपाचे केस पांढरे झालेत. दवाखान्यात मला भरवणारे हात मी लगेच ओळखले, तिला मात्र मला ओळखायला वेळ लागला. मग तिनं माझ्या पायांकडं बघितलं आणि म्हणाली, "अगं, तू! गुडघेवाली." आधी पाणी, मग चहा, मग ताट. मला ताटावर बसवत नव्हतं. बोलत उठत होते, उठून बसत होते. ती म्हणाली, "पहिलं खा. मग सांग. भुकेलं माणूस सगळं वाकडंच सांगतं."

मी सांगितलं. ती ऐकताना अंगणातल्या एका कोपऱ्याकडं बघत होती. तिथं एक खाट उभी करून ठेवलेली होती.

"अब्बांनी शेवटी शेवटी पोरींना घेतलं, तुला ठाऊक हाय का?"

मला माहीत नव्हतं. सरांनीही कधी सांगितलं नव्हतं.

"आमच्या गल्लीतल्याच. आधी दोघी, मग अंगण पुरंना. माझी सून बी त्यातलीच. मी म्हटलं, अब्बा, मला का नव्हतं शिकवलं? तर रडले. म्हटले, चल, ये. मी म्हटलं, आता काय, माझे गुडघे गेले." ती हसली. "पण एक गोष्ट हाय. ते उभे राहून कधीच शिकवायचे न्हाईत. खाट मध्ये टाकायचे, मांडी घालून बसायचे, वरून चादर घ्यायचे पायांवर. भर उन्हाळ्यात बी."

"आजारी होते?"

"कशाचे आजारी! चांगले तालमीत जायचे सकाळी. मीबी विचारलं, बसता कावून? तर म्हटले, उभा राहिलो की पोरी माझे पाय बघतेत. बसलो की माझं ऐकतेत."

मी उठून त्या खाटेपाशी गेले. सुंभ मध्ये खोल गेलेलं होतं, एका माणसाच्या मांडीएवढं. मी त्यात हात ठेवला. आपा मागं येऊन उभी राहिली.

"सूनबाईची टाच टेकती?" मी विचारलं.

"धाडकन टेकती. सगळं घर हालतं."

संध्याकाळी परतताना मी कुठंच थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयाच्या ढिगातून एक प्लास्टिकची खुर्ची ओढून आणली. लाल, एका हाताला चीर गेलेली. ती हॉलच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसले. क्लासमध्ये मला कधी बसलेलं कुणी बघितलं नव्हतं. पोरी दारातच थबकल्या.

"मॅडम, तब्येत बरी न्हाई का?" शीतलनं विचारलं.

"बरी आहे. तू ये मध्ये."

ती आली. सवयीनं तिनं माझ्या पायांकडं बघितलं. पायांवर मी ओढणी पसरलेली होती. ती जरा गोंधळली, इकडं तिकडं बघितलं, आणि मग माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी तिला सोमूची गोष्ट सांगितली. सगळ्यांनाच सांगितली. सिमेंट कालवणारा सोमू, गच्चीचे कठडे, डोक्यावरची पेटी, मोडून जुळलेली टाच, त्या टाचेवर उभं राहून दर सुट्टीला लढणारा तो माणूस. एक पोरगी म्हणाली, "लई दुखत असंल की त्याला." आजवर हे आमच्यातल्या कुणीच म्हटलं नव्हतं.

"आता चल," मी शीतलला म्हटलं. "त्याच्यासारखं नाही, माझ्यासारखं नाही. तुझा पाय आहे. कसा पडतो ते मला ऐकू दे."

ती चालली. पहिलं पाऊल चाचरत. दुसरं जरा वर राहिलं, तिलाच कळलं, खाली आलं. मग टाच जमिनीला लागली आणि पत्र्याचा हॉल वाजला. मागून बाकीच्या निघाल्या. कुणाचं पाऊल जड, कुणाचं फरफटणारं, कुणाचं उडतं, एकीचंही दुसरीसारखं नाही. त्या सगळ्या गलबल्यात मी खुर्चीवर बसून राहिले. उठावंसं वाटत होतं, दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरून ठेवल्या होत्या.

ओढणीखाली माझी डावी टाच वरच होती. मी ती तशीच राहू दिली.